मी कीबोर्ड धुतला

सुनेने वायर पुन्हा जोडली, एक बटण दाबलं, आणि पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळ उमटत गेलं. बोट काढलं तरी थांबेना. बाकीची बटणं दाबली तर काहीच नाही.

"आई, तुम्ही ह्याला पाणी लावलंत?"

पाणी लावलं नव्हतं. मोरीवर नेऊन साबणाने घासला होता.

दसरा होता. आमच्याकडे ज्या अवजारावर पोट चालतं ते दसऱ्याला धुऊन पुजतात. माझी विळी, द्राक्षाच्या शेडमधली घड छाटायची कात्री, मुलाचे पाने आणि हातोडी, सगळं मी दरवर्षी घासत आले. मुलाला जाऊन दीड वर्ष झालं होतं, तरी त्याचे पाने धुतलेच. पण आता घर चालायचं ते सुनेच्या कीबोर्डवर, आणि त्याच्या बटणांवर काळा मळ बसला होता. म्हणून वायर उपटली, घासला, उन्हात ठेवला, हळदकुंकू वाहिलं. त्यात वीज खेळते हे मला माहीत होतं. सुकला की चालेल असं वाटलं.

आठ दिवसांत तिला एका निवृत्त मास्तरांचं पुस्तक टाइप करून द्यायचं होतं. तोवर लग्नपत्रिका आणि अर्जच मिळायचे; हे पहिलं मोठं काम. तिचा मालेगावचा भाऊ भाऊबिजेला येणार होता. त्याने मागेच बजावलं होतं, "ताई, ह्या कामावर भागत असेल तर राहा. नाहीतर सामान बांधून ठेव. मावशींना बघायला त्यांची माणसं आहेत."

माझी माणसं मला माहीत होती. सून गेली असती तर मी एकटी उरले असते. हे मी तिला बोलून दाखवलं नाही.

"चल, आत्ताच नवा आणू," मी म्हटलं.

"आज? दुकानदार सोनं वाटायचं सोडून आपल्यासाठी बसलाय होय?"

दुसऱ्या दिवशी बसने शालीमारच्या बाजारात उतरलो. दुकानदाराने चार-पाच कीबोर्ड मांडले. सगळे सपाट, मऊ, बिनआवाजाचे. सून दोन ओळी मारायची आणि मनगट चोळायची. ती क्लासात टाइपरायटरवर शिकलेली. मऊ बटणावर अक्षर उठलं की नाही ते बोटाला कळत नाही, म्हणून ती जोर लावते आणि संध्याकाळी मनगट धरून बसते. कधी तक्रार केली नाही, पण मला डोळे आहेत.

मीही दोन-चार बटणं दाबून पाहिली. "ही तर नासक्या द्राक्षासारखी दबतात."

"आजी, तुम्ही टाइप करता?"

"नाही. मी धुते."

सून कालपासून पहिल्यांदा हसली.

मग त्याने खालच्या फळीवरून एक जुना काढला. कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातला, पिवळट, पाट्यासारखा जड. "मेकॅनिकल आहे. प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग. पण आवाज फार, हल्ली कोणी घेत नाही."

सुनेने बोटं ठेवली. खडखड सुरू झाली. तिचे खांदे सैल पडले. अर्धं पान होईल एवढं तिने मारलं, मनगटाला हात लावला नाही. मग एकदम थांबली.

"तो मघाचा सपाटच द्या."

"का गं?"

"एका खोलीत राहतो आपण. मी पहाटेच कामाला बसते. हा तुमच्या डोक्यापाशी वाजत राहील."

"वाजू दे."

"तुमची झोप मोडेल, आई."

"पोरगा गेल्यापासून झोपलेय कुठे मी? गप्प घरात नुसती पडून असते. कोणीतरी उठून कामाला लागलंय एवढं तरी कळेल."

दुकानदार उगाच दुसरीकडे बघायला लागला.

"हाच बांध रे," मी त्याला म्हटलं.

"बांधतो. पण आजी, हा धुवायचा नाही हं."

"फूल ठेवीन. तेही लांबून."

बसमध्ये तिने तो मांडीवर घेतला. जड होता. अर्धा मी माझ्या मांडीवर ओढून घेतला.

पुस्तक एक दिवस उशिरा गेलं. मास्तरांनी पानं चाळली आणि त्यांच्या एका मित्राचंही काम पाठवून दिलं. भाऊबिजेला भाऊ आला तेव्हा ती तेच करत होती. ओवाळून झालं, फराळ झाला, ती पुन्हा जाऊन बसली.

"मावशी, हा गोंगाट तुम्ही सहन कसा करता?"

"तुला त्रास होत असेल तर ओट्यावर जाऊन बस."

तो बसला. संध्याकाळी बहिणीला विचारलं, "मग, चलायचं?" तिने मान हलवून नाही म्हटलं, बोटं चालूच. तो एकटाच मालेगावच्या गाडीत बसला.

मुलगा गेला तेव्हा त्या खोलीत सून आणि मी, दोघी उरलो होतो. अजून दोघी आहोत.