फुलं कशी हाईत वर?

रतनगडावरून उतरणाऱ्या माणसाला भीमामावशी आधी पाणी देत आणि लगेच विचारत, "फुलं कशी हाईत वर?" जेवायला किती जण, पिठलं की आमटी, हे सगळं मागाहून. दमलेला माणूस "छान" म्हणून सुटू पाही, पण मावशी कसल्या सोडतात! "छान म्हंजी? गुडघ्याएवडी का डोक्याएवडी? मधमाश्या हाईत का?" एकाने कौतुकाने मोबाईल पुढे केला, तर म्हणाल्या, "फोटूला वास येतो व्हय रं?"

मी राजूरच्या शाळेत शिकवते. दर भादव्यात गडाच्या पायथ्याशी त्यांच्याकडे जेवायला जाणं ठरलेलं. घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, शेणाने सारवलेल्या. सोनकी, तेरडा दरवर्षी फुलतात. कारवी मात्र सात वर्षांतून एकदा. मग फुलोत्सवाचे फलक लागतात, जीपगाड्यांची रीघ लागते, आणि नेमकं तेव्हाच मावशींना चुलीपुढून हलता येत नसे. लग्नाआधी माहेरच्या डोंगरावर आईबरोबर त्यांनी एकदा फुललेली कारवी पाहिली होती. त्यानंतर सगळा जन्म गडाखाली गेला, पण पुन्हा नाही.

"खालनं नुसतं निळं दिसतं, बाई. कारवीच्या घरात ऱ्हाती अन् कारवीचं फूल बगत न्हाई. हाय का न्हाई मी येडी?"

मागच्या बहरात त्यांनी मला गळ घातली. "येक रविवार चूल सांबाळा. सुनंला येकटीला झेपायचं न्हाई. मी वर जाऊन येते." मी तोंड भरून हो म्हटलं.

आणि माझी अक्कल बघा! शाळेत सहज बोलून गेले, "रविवारी रतनगडाला चाललेय," तर सगळेच निघाले, बायकापोरांसकट. मला नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर मिरवायला मिळणार म्हणून बरंच वाटलं. दोन जीप भरून माणसं घेऊन मी दारात उतरले. मावशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून उभ्या होत्या. त्यांनी जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन परात ओढली.

"मावशी, तुम्ही जा, मी बघते," मी म्हटलं खरं.

"तुमचं पाव्हनं हाईत. त्यास्नी गड दावायला तुमीच पायजे. कारवी काय, यील की परत."

आणि मी गेले! त्याची लाज अजून जात नाही. डोक्याएवढ्या कारवीत उभी राहून फोटो काढून घेतले. खाली आल्यावर मावशींनी पाणी दिलं, पण त्या दिवशी फुलांचं काही विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माघात मावशी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

यंदा कारवी पुन्हा फुलली. मी एकटीच गेले, सकाळच्या पहिल्या जीपने. सून कमल परातीशी बसली होती. मी चपला काढल्या आणि तिच्यापुढची परात ओढून घेतली.

"ऊठ. वर जाऊन ये."

"अवं बाई, गिऱ्हाईक यील की आता."

"येऊ दे. आज मी कोणालाही आणलेलं नाही."

ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. अंगावर मावशींचं तेच हिरवं लुगडं होतं. "आत्याबाईंनी त्या दिसापासनं नेसलंच न्हाई," ती म्हणाली. "ह्ये तरी वर जाऊन येऊ दे."

दिवसभर माझ्या नागलीच्या भाकऱ्या थापताना तुटत होत्या. एका गिऱ्हाइकाने विचारलंसुद्धा, "बाई, ही भाकरी का भुगा?" मी पुढचा गोळा थापायला घेतला.

उन्हं कलल्यावर कमल उतरली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "फुलं कशी हाईत वर?"

तिने लुगड्याचा पदर माझ्या नाकाशी धरला. कारवीचा गोड, चिकट वास येत होता. मग आम्ही दोघी मावशींच्या चुलीपुढे बसून पोटभर रडलो.