शंकर नगरच्या चौकातली वहिनी

माझ्या कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा नीट बसलेलं माणूस म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची वहिनी. बी.कॉम.चा शेवटचा पेपर झाल्यावर आठवडाभरात बाबांनी मला कॅमेरा घेऊन दिला होता. कुणीतरी वापरलेला, पण चांगला. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं, एक वर्ष करून पाहा, नाही जमलं तर बँकेच्या परीक्षा आहेतच. चौबे कॉलनीत आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो आणि खाली दादा-वहिनी, नात्यातले नाहीत, शेजारी. तेही आमच्यासारखेच विदर्भातले. दादा सरकारी कचेरीत, वहिनी अमरावतीकडून लग्न होऊन रायपूरला आलेली.

उजेड कुठून घ्यायचा, चेहऱ्याची कोणती बाजू सावलीत ठेवायची, हे मी तिच्यावरच शिकलो. माझ्या घरच्यांनी कंटाळून हात टेकले, तरी ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टूल टाकून बसायची, मटार सोलत.

"माह्या चेहऱ्यात काय एवढं पाहून राहिला तू?" ती विचारायची.

"उजेड पाहून राहिलो, वहिनी."

"मंग ठीक आहे. उजेडाले पाह्य."

त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे मला आईकडून माहीत होतं, पण एकदा खिडकीपाशी बसल्या बसल्या वहिनीनेच सांगितलं. इथले डॉक्टर झाले, नागपूरचे झाले, आणि मागच्या वर्षी दोघांनी ठरवून सगळं थांबवलं. "विचारणारे लोक पण थकले आता," ती म्हणाली. "ते एक बरं झालं." एवढं बोलून तिने मटाराच्या शेंगांची टरफलं गोळा केली आणि विषय संपला.

धंदा मी एकट्याने सुरू केला नव्हता. कॉलेजातला माझा सगळ्यात जवळचा मित्र सोबत होता. त्याचं घर ब्राह्मणपाऱ्यात, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं मराठी घराणं. त्याची आई मराठीत बोलायची आणि हा हिंदीत उत्तर द्यायचा. मला चार अनोळखी लोकांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा, त्याला मात्र कोणाशीही दोन मिनिटांत दोस्ती करता यायची. म्हणून ठरलं की काम तो आणणार आणि फोटो मी काढणार. "तू बस क्लिक कर, बाकी मैं देख लूँगा," असं तो म्हणायचा, आणि पहिले सहा महिने त्याने खरंच पाहिलं. साड्यांच्या दुकानाचे फोटो, एका शाळेचं गॅदरिंग, दोन-तीन वाढदिवस. मोटरसायकलवर मागे बॅग छातीशी धरून मी बसायचो, आणि पुढे बसून तो सबंध रस्ताभर आपल्या स्टुडिओबद्दल बोलत राहायचा.

मी त्याला सगळं सांगायचो. घरातलं, मनातलं, कॉलनीतलं. वहिनीबद्दलही सांगितलं होतं. कधी सांगितलं ते आठवत नाही, कारण त्याला काही सांगताना विचार करायची सवयच नव्हती मला.

त्या हिवाळ्यात माझी ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. बारसं आमच्याच हॉलमध्ये केलं. सकाळचं ऊन बाल्कनीतून आत आलं होतं, बायकांची गर्दी होती, आणि ताईने सहज बाळ वहिनीच्या हातात दिलं. वहिनी गर्दीतून निघून बाल्कनीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बाळाने तिचं मंगळसूत्र मुठीत धरलं. ते सोडवायचं सोडून ती हसायला लागली, मान थोडी मागे टाकून, डोळे मिटून. मी फोटो काढला. काढतानाच मला कळलं की असा फोटो मी आजवर काढला नव्हता.

दुपारी पाहुणे गेल्यावर मी तिला तो कॅमेऱ्यातच दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"हा कोणाले दाखवू नको," ती म्हणाली. "मले एक काढून दे फक्त."

"काहून वहिनी? एवढा चांगला आला."

"चांगला आला म्हूनच. लोकं काहीबाही बोलतात. नको दाखवू."

मी हो म्हटलं, तिला एक प्रत काढूनही दिली. आणि दोन दिवसांनी मित्राला दाखवला. माझ्या मनात त्यात काही खोट नव्हती. तो परका थोडाच होता? आमचे सगळे फोटो आम्ही इंटरनेटवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवायचो, दोघांनाही उघडता यायचं, तिथेच मी तो टाकला. टाकताना त्याला फोन करून स्पष्ट सांगितलं, हा फक्त तू बघ, हा कुठे द्यायचा नाही, वहिनीने मना केलं आहे. तो "हाँ भाई, समझ गया" म्हणाला. मग म्हणाला, "यार, तू सच में फोटोग्राफर बन गया." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर खूष होतो.

मार्चमध्ये एके दिवशी दुपारी मी शंकर नगरला एका दुकानात अल्बम द्यायला चाललो होतो. चौकात सिग्नलला थांबलो आणि सहज वर पाहिलं. समोरच्या तीन मजली इमारतीवर वहिनी होती. पूर्ण होर्डिंगभर. तीच मागे टाकलेली मान, तेच मिटलेले डोळे, मुठीत मंगळसूत्र धरलेली माझी भाची. खाली एका वंध्यत्व उपचार केंद्राचं नाव, फोन नंबर, आणि मोठ्या अक्षरांत हिंदीतली ओळ: नौ साल का इंतज़ार, आज गोद में.

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी कडेला घेऊन उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला वाटलं की फोटो केवढा छान दिसतोय. मग मी ती ओळ पुन्हा वाचली. 'नौ' हा आकडा तिथे आपोआप आला नव्हता.

तिथूनच मित्राला फोन लावला. त्याने हसतच उचलला. "देख लिया? सरप्राइज देने वाला था."

"तुला सांगितलं होतं ना, हा द्यायचा नाही म्हणून?"

"अरे, साइड फेस है, आँखें बंद हैं. कौन पहचानेगा? और वो लोग साल भर का काम देने वाले हैं, समझ रहा है तू?"

मी म्हटलं, आधी ते होर्डिंग उतरव. तो म्हणाला, शाम को बात करते हैं, आणि फोन ठेवला.

मी थेट त्या केंद्रात गेलो. जाहिरातीचं काम बघणारी एक बाई होती, साधारण पस्तिशीची, वागायला अगदी नीट. मी सांगितलं की फोटो माझा आहे आणि यातल्या बाईंची परवानगी नाही. तिला खरंच धक्का बसला. तिने फाइल काढून एक कागद माझ्यासमोर ठेवला. फोटोतल्या व्यक्तीची संमती घेतली आहे, असं लिहिलेलं होतं, आणि खाली फोटोग्राफर म्हणून माझ्या नावाची सही. सही माझी नव्हती. पण मित्राने ती चांगली गिरवली होती. कॉलेजात माझी हजेरी लावायला तोच तर करायचा ती.

"आपके पार्टनर ने बताया कि ये सच्ची कहानी है," ती बाई म्हणाली. "नौ साल बाद बच्ची हुई. इसीलिए तो हमने यही फोटो चुनी. बाकी सब तो मॉडल वाली थीं."

फोटो चोरला एवढंच असतं तर मी कदाचित भांडून मोकळा झालो असतो. पण मी विश्वासाने सांगितलेली एका घरातली गोष्ट त्याने जाऊन या टेबलावर ठेवली होती, शेवट बदलून. बाईने चार-पाच दिवसांत होर्डिंग उतरवण्याचं कबूल केलं. वर्तमानपत्रात घालायची पत्रकं मात्र छापून पेपरवाल्यांकडे गेलीही होती.

त्या संध्याकाळी मला वहिनीला सांगायला हवं होतं. मी जिना उतरून तिच्या दारापर्यंत गेलो, आतून कुकरची शिट्टी ऐकली आणि परत वर आलो. उद्या सांगू म्हटलं. ती एक रात्र मी घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आधी तिला दुर्गहून नणंदेचा फोन आला. एवढी मोठी बातमी आणि आम्हाला परक्यांकडून कळावी का, म्हणून ती रडत होती म्हणे. मग कॉलनीतली एक काकू पेढे मागायला आली. तिच्या हातात पत्रक होतं.

मी खाली गेलो तेव्हा वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि ते पत्रक समोर होतं. दादा ऑफिसला न जाता खिडकीशी उभा होता. मी जे झालं ते सगळं सांगितलं, त्या खोट्या सहीसकट. तिने मधे एकदाही थांबवलं नाही.

"तुले म्हटलं होतं ना, कोणाले दाखवू नको म्हून," शेवटी ती म्हणाली.

"चुकलो, वहिनी."

"आणि नऊ वर्षं? ते त्याले कोणं सांगितलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. कॉलनीत सगळ्यांनाच माहीत होतं. पण मी म्हटलं, "मीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखाद्याला आपण दुसराच कोणी समजत होतो हे कळल्यावर बघतात, तसं बघितलं तिने. "मी तुह्या भाचीले मनापासून घेतलं होतं रे," ती म्हणाली. "आता कोणाचं लेकरू हातात घ्याची सोय नाही ठेवली तुमी." 'तुमी' म्हणाली ती. म्हणजे त्याला आणि मला, एकत्र.

त्याच दिवशी मी ब्राह्मणपाऱ्यात गेलो. मित्राच्या आईने दार उघडलं, नेहमीसारखी चौकशी केली, पोहे करू का विचारलं. आम्ही गच्चीवर गेलो. मला वाटलं होतं की तो निदान ओशाळा तरी होईल. तो उलट माझ्यावर चिडलेला होता. मी केंद्रात जाऊन त्याची इज्जत घालवली होती, वर्षभराचं काम गेलं होतं.

"तू सही केली माझी," मी म्हटलं.

"तू करता क्या? नहीं करता. तुझसे कुछ होता है? छह महीने से हर दरवाजे पे मैं जा रहा हूँ, तू बाहर बाइक पे बैठा रहता है."

ते खरं होतं.

"तिची गोष्ट का सांगितलीस त्यांना?"

"गोष्ट से ही तो बिकी," तो म्हणाला. एक मराठी शब्द आणि बाकी हिंदी. "फोटो तो सबके पास अच्छे होते हैं."

त्याच्या चेहऱ्याकडे बघताना मला कळलं की तो खोटं बोलत नाहीये, मला दुखवायलाही बोलत नाहीये. त्याला त्यात खरंच काही वावगं दिसत नव्हतं. तीन वर्षं ज्याच्या शेजारच्या बाकावर बसलो, त्याला मी एवढंही ओळखत नव्हतो. खाली उतरलो तेव्हा त्याच्या आईने पोहे वाढून ठेवले होते. मी तसाच निघालो, आणि माझा राग उगाच त्या माउलीवर निघाला, हे मला गाडीवर बसल्यावर समजलं.

होर्डिंग सहाव्या दिवशी उतरलं. पत्रकाचे फोटो मात्र कितीतरी दिवस लोकांच्या मोबाइलवर फिरत राहिले. थकलेले लोक पुन्हा विचारायला लागले, आणि आता वहिनीला नुसतं नाही म्हणून भागत नव्हतं, सगळी हकिगत सांगावी लागायची. माझ्याशी ती बोलायची. भाजीची वाटी वर यायची, आईशी हसणं-बोलणं चालू होतं. पण ताई बाळाला घेऊन आली की वहिनी वर यायची नाही. दारावरून हाक मारली तर म्हणायची, गॅसवर दूध आहे. ताईने मला दोनदा विचारलं, वहिनी काहून येऊन नाही राहिली? मी तिलाही काय ते सांगितलं. मग तिने विचारणं सोडलं.

मी माणसांचे फोटो काढणं बंद केलं. टाइल्स, बाथरूमचे नळ, मिठाईचे डबे, असली कॅटलॉगची कामं घेतली. त्यात कोणाला काही विचारावं लागत नसे. बाबांना वाटायचं, पोरगा मार्गाला लागला. दारोदार जाऊन काम मागायलाही शिकलो, कारण मागणारं दुसरं कोणी नव्हतं.

दोन वर्षांनी मित्राच्या लग्नाची पत्रिका आली. आत त्याच्या हाताने लिहिलेलं, फोटो तू ही निकालेगा ना? मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, जाऊन ये, किती दिवस धरून बसशील? मी गेलो नाही. त्याने विचारलंही नाही का आला नाहीस म्हणून. शंकर नगरला आता त्याचा स्टुडिओ आहे, तीन फोटोग्राफर त्याच्याकडे कामाला आहेत, आणि त्याच्या वेबसाइटवर अजून तो फोटो आहे. मी दोनदा पत्र पाठवलं. दोनदा त्याने तो काढला, पुन्हा लावला.

त्याच्या लग्नाच्या वर्षीच, पावसाळ्यानंतर, दादा-वहिनी स्वतःच्या घरात राहायला गेले, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सामान टेम्पोत भरायला मी सकाळपासून खालीच होतो. वहिनी आधीच नव्या घरी गेली होती. रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दोघं पाणी पीत बसलो असताना दादा म्हणाला, "ते बोर्ड लागलं होतं ना, मी दोनदा जाऊन पाहून आलो होतो. हिले नाही सांगितलं."

मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"खाली उभा राहून पाहत होतो. माह्या घरात अशी हसली नाही कधी ती. तुह्यावर राग होता, पण पाहतच राहिलो."

वहिनीला काढून दिलेल्या प्रतीचं काय झालं, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. दादा उठला, फ्रिजला बांधलेली दोरी ओढून पाहिली आणि म्हणाला, तू तिकडून धर. आम्ही तो फ्रिज दारातून तिरपा करून, दोनदा अडकवून, कसाबसा टेम्पोपर्यंत नेला.