दव उडायच्या आत

बिजलीबाई जीपमध्ये कधी मागे बसली नाही. ड्रायव्हरच्या शेजारची जागा तिची, मग तिथं आणखी दोघी कोंबल्या तरी चालेल. राळेगावकडच्या तांड्यावरची ही बाई, चाळिशी उलटलेली, घरात सून आलेली, पण वेगाचं वेड काही सुटलं नव्हतं. लहानपणी शंकरपटात बैलांची जोडी सुटली की हिच्या अंगात यायचं म्हणतात. जित्याची खोड, दुसरं काय!

दोन हजार सहाच्या हंगामात कापसाला भाव नव्हता. तरी फुटलेलं बोंड वेचावं तर लागतंच. सकाळी तांड्यावरून बायांच्या दोन जीपा निघायच्या, एक भावसिंगची, एक बाबुलालची. मजुरी किलोवर, आणि दवानं ओला झालेला कापूस काट्यावर जड भरतो. ऊन चढलं की दव उडालं. म्हणून जी जीप शेतात आधी पोचेल तिच्या बायांचं फावायचं.

त्यातून शर्यत लागली. पुढे बाबुलालची जीप दिसली की बिजलीबाई भावसिंगला कोपरानं ढोसायची. "हाण, दव उडून राह्यलं." तो हाणायचा. सायकलवाले रस्ता सोडून खाली उतरायचे, आतल्या बाया किंचाळायच्या आणि हसायच्या. दिवसभर कंबर वाकवायच्या आधी तेवढीच मौज. बिजलीबाईच्या भिंतीला भिंत लागून राहणारी सुखीबाई मात्र मागच्या पायरीवर दांडी धरून उभी असायची, कारण आत जागा नसायची. ती ओरडून हळू घ्यायला सांगायची, आणि बिजलीबाई तिला भित्री म्हणून चिडवायची.

एका सकाळी नाल्याच्या वळणावर बिजलीबाईनं असंच ढोसलं, भावसिंगनं बाबुलालला मागं टाकलं आणि चाक डांबराखाली उतरलं. जीप सावरली, सुखीबाई पडली. मागून येणाऱ्या बाबुलालनं ब्रेक दाबला, तरी चाक तिच्या उजव्या हाताच्या पंजावरून गेलं.

पंजा गेला तो गेलाच. भावसिंगला पोलिसांनी नेलं. तांड्यानं त्यालाच शिव्या घातल्या, बिजलीबाईचं नाव कुणी घेतलं नाही. तेच तिला सोसेना. ती रोज सुखीबाईच्या भाकरी थापू लागली, तिची वेणी घालू लागली. सुखीबाई नको म्हणाली नाही आणि बरं केलंस असंही म्हणाली नाही.

शेवटी एक दिवस वेणी घालता घालता बिजलीबाईच बोलली. "सुखी, मी काय माह्या हौसेनं हाण म्हणत होती का? दवासाठीच ना. तुहाही कापूस जड भरत होता."

सुखीबाईनं मान वळवली नाही.

"त्या दिवशी आभाळ होतं, बिजली," ती म्हणाली. "दव पडलंच नव्हतं."

बिजलीबाईचे हात थांबले. तिला ते आभाळ आठवलं. वेणी अर्धीच झाली होती, आणि सुखीबाईला एका हातानं ती पुरी करता येणार नव्हती. म्हणून बिजलीबाईनं ती पुरी केली.