साठे काकूंचा थर्ड बेसमन

माणूस गेला की त्याचे किस्से संपायला हवेत. ट्रॅव्हिसचे वाढतायत! वूस्टरच्या छोट्या बेसबॉल लीगमध्ये तो तीन सीझन थर्ड बेसवर खेळला. रेकॉर्ड बेताचंच. पण शेजारच्या आमच्या श्रूजबरीत चार मराठी माणसं जमली की दुसऱ्या चहाला विषय त्याचाच.

या लीगच्या खेळाडूंना उन्हाळाभर गावातली कुटुंबं घरी ठेवून घेतात. साठे काकूंची दोन्ही मुलं कॅलिफोर्नियात, वरची खोली रिकामी. त्यांनी नाव दिलं. रिटायर्ड इंजिनिअर साठे काकांनी ट्रॅव्हिसचा रीतसर इंटरव्ह्यू घेतला.

"बेसबॉल कळलं. काम काय करतोस?"

"थंडीत छपरं दुरुस्त करतो, सर."

"हां, मग ठीक आहे!"

*

पहिल्याच मॅचला एक फाउल बॉल उडून थेट आमच्या जोशाच्या हातात आला. इथे असा बॉल घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवतात. जोशा पडला पुण्याचा क्रिकेटवाला. त्याने इमानदारीत मैदानात परत फेकला! ट्रॅव्हिसने उचलून पुन्हा त्याच्याकडे टाकला. जोशाने पुन्हा परत. तिसऱ्यांदा ट्रॅव्हिस कुंपणापर्यंत चालत आला.

"सर, ठेवा ना प्लीज. आम्हाला मॅच संपवायची आहे."

*

एकदा दुपारी काकूंनी त्याला चार पुरणपोळ्या वाढल्या, वर तूप. संध्याकाळी गडी पळताना दोनदा आउट! कोचचा घरी फोन आला की मॅचच्या दिवशी ती पिवळी गोड पोळी बंद करा.

"मैदानात कोच तुम्ही. माझ्या स्वयंपाकघरात मी!" काकूंनी सुनावलं.

पुढच्या रविवारी कोचही जेवायला आला.

*

मग मंडळाच्या क्रिकेट मॅचमध्ये आम्ही त्याला घुसवला. पहिलाच बॉल त्याने सणसणीत मारला, बॅट भिरकावली आणि बेसबॉलच्या सवयीने कव्हरच्या दिशेने पळत सुटला. रनआउट!

"अरे यार, समोर पळायचं, समोर!" जोशा ओरडला.

"समोर बॉलर उभा आहे, सर!"

*

दर दिवाळीला काकू त्याला फोन करायच्या, फराळाला ये म्हणून. गेल्या दिवाळीला तो पेनसिल्व्हेनियातल्या घरून निघाला आणि वाटेत अवकाळी बर्फावर गाडी घसरली. सत्तावीस वर्षांचा होता. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडलो. आणि मला बेसबॉल अजून धड कळतही नाही.

*

जानेवारीत त्याची आई साठ्यांकडे राहिलेलं त्याचं सामान न्यायला आली. खोकी उचलायला मी गेलो होतो. स्वयंपाकघरात काका दबक्या आवाजात काकूंना समजावत होते, "तू बोलावलं होतंस हे तिला कशाला सांगतेस? तिला त्रास, तुला त्रास."

"न सांगता माझ्या हातचं तिला वाढू कशी?" काकू म्हणाल्या.

बाहेर येऊन त्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "तो माझ्या बोलावण्यावरून निघाला होता. मी फोन केला नसता, तर..."

आई सोफ्यावर बसून त्याच्या स्वेटरची घडी घालत होती. ती घडी तिने पुरी केली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मलाही चल म्हणत होता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी."

तीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या काकूंना एक इंग्रजी शब्द सुचेना.

"हात धुऊन घ्या," त्या मराठीतच म्हणाल्या. "पान वाढते."

ती उठली आणि हात धुवायला गेली.