कोरडी गाठ

ओमानमधल्या बरक्याच्या किनाऱ्यावर पत्र्याच्या सावलीत बसून तय्यब सुरमईचे गळ बांधायचा. सुरमईचे दात नायलॉनची दोरी, तंगूस, सहज कातरतात, म्हणून गळाला आधी वीतभर पोलादी तार आणि त्या तारेला तंगुसाची गाठ. दाभोळच्या खाडीत बापाने शिकवलेली ही गाठ बरक्यातल्या एकोणीस वर्षांत कधी दगा देऊन गेली नव्हती.

या रमजानात आठ दिवसांत तीन गेल्या.

पूर्वी होड्यांचा मालक, म्हातारा अर्बाब, रमजानभर होड्या वाळूवर ओढून ठेवायचा. यंदा कारभार त्याच्या मुलाकडे, रशीदकडे आला आणि होड्या चालूच राहिल्या. तिसऱ्या वेळी होडीत तो स्वतः होता. हाताशी आलेली सुरमई गळासकट गेली. रशीदने तुटका तंगूस तय्यबच्या पुढ्यात टाकला.

"हात बुड्ढा हो गया, तय्यब. ईद के बाद खलास. घर जाओ."

घरी बायको, अमीरुन्निसा, होती. आठवड्यातून दोनदा ती चिपळूणला डायलिसिसला जायची. तय्यबचं काम थांबलं की तिचं जाणंही थांबणार होतं. फोनवर तो एवढंच म्हणाला, "इथं सगळं बरं आहे. तू जेवलीस का?"

त्याने जाड तंगूस घेतला, गाठीला दोन वेढे जास्त दिले. ओढून पाहिलं की गाठीशी कट्कन तुटायचा. मग तो स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचा, परक्या माणसाची असावीत तशी.

होडीवरचा नुमान म्हसळ्याचा, तोंडाने फटकळ. "काय चाचा, रोजा पोटाचा असतो. तुमच्या हातांनी पण धरला काय?"

तय्यबला हसू आलं नाही.

मगरिबची बांग झाली. खजूर, दोन घोट पाणी; रोजा सुटला. पण हात स्वस्थ बसेनात. त्याने गळ उचलला, गाठ घातली, सवयीने ओठांत धरून ओली केली आणि आवळली. गाठ गुपचूप सरकत घट्ट बसली.

दिवसभरच्या गाठी आवळताना करकरायच्या. त्याला वाटायचं, घट्ट बसतायत.

त्याने दुपारची एक गाठ उजेडात धरली. तिच्याजवळचा तंगूस पांढुरका पडून जळक्या केसासारखा वळला होता. ओढताच तुटला. ओली गाठ मात्र तुटेना.

चाळीस वर्षं आपण प्रत्येक गाठ थुंकीने भिजवत आलो, हे त्याला आज कळलं. रोजा असताना तो तंगूस तोंडाला लावत नव्हता, आणि कोरडा तंगूस आवळताना जळत होता.

वजूच्या पाण्याचा लोटा घेऊन त्याने दिवसभरात बांधलेले तीसच्या तीस गळ सोडले आणि भिजवून पुन्हा बांधले.

"चाचा, भजी गार होतायत!" नुमान ओरडला.

"होऊ देत."

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी आली. तळाशी दोन सुरमया होत्या. तय्यबने त्यांच्याकडे पाहिलं नाही. रशीदच्या हातातल्या गळाकडे पाहिलं. रशीदने गाठीवर नख फिरवलं, दोनदा हिसका दिला.

"क्या किया इसमें?"

"पानी लगाया, अर्बाब. बस पानी."

रशीद त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "ईद के बाद देखेगा," म्हणाला आणि निघून गेला.

खलास म्हणाला नाही. ईदला अजून वीस दिवस होते. तय्यबने लोटा जवळ ओढला आणि पुढचा गळ उचलला.