छुट्टी
नव्या कापसाचा वास आला की अजूनही माझा घसा धरतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जयपूरला आलो, तेव्हा चारदीवारीतल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका कारखान्यात मी रजया शिवायला जात होते. खोलीला एकच खिडकी आणि तीही बंद, कारण वाऱ्याने कापूस उडतो असं मालक म्हणायचे. तोच कापूस आमच्या नाकातोंडात जायचा. खोकून खोकून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. शेजारी बसणारी म्हणाली, "खिड़की खोलने को बोलो ना भाभी, मुँह में दही जमा के बैठी हो." मूग गिळून बसले होते खरी, पण मला हिंदी धड येत नव्हती, त्यात लाज. खिडकीचं राहिलंच, दोन दिवस दवाखान्यात जायचंय एवढं कसंबसं सांगितलं. मान वर न करता मालक म्हणाले, "ठीक है, तुम्हारी छुट्टी." किती भला माणूस, लगेच सुट्टी दिली, म्हणून मी घरी देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या दिवशी गेले तर माझ्या जागेवर दुसरी बाई. तेव्हा त्या शेजारी बसणारीने सांगितलं, छुट्टी म्हणजे कामावरून काढलं. पुढे तीच निरोप घेऊन आली, की नवी बाईही खोकून घरी बसली, टाके उसवून माल परत आला, मालक बोलावताहेत. "खिडकी उघडली का?" मी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. खिडकी उघडली असती तर माझा सरावलेला हात त्यांच्याकडेच राहिला असता. मी गेले नाही. आता बनी पार्क भागात एका घरी पोळ्या करते. मालकीणबाई चांगल्या आहेत, पण त्या छुट्टी म्हणाल्या की माझ्या तोंडून आधी निघतं, "कितने दिन की?"