बाप्तिस्म्याआधीचा सत्कार

माझ्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या झाल्या आणि मी चोरून घड्याळाकडे पाहिलं. हॉल सोडायची वेळ जवळ आली होती. माझा उपदेश बाकी होता, बाप्तिस्मा बाकी होता आणि माईकवरून सेक्रेटरी साळवे सांगत होते, "आता आपण पुढच्या सत्काराकडे वळू या."

मी नाशिकरोडकडचा पाळक. पाळक म्हणजे चर्चमध्ये उपासना चालवणारा, लग्नं लावणारा, शेवटी माती देणारा माणूस. मस्कतमध्ये नोकरीसाठी गेलेल्या आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांची तिथे एक छोटी मराठी मंडळी आहे. त्यांना स्वतःचा पाळक नाही, म्हणून वर्षातून एकदा नाशिकहून कोणाला तरी बोलावतात. या वेळी माझा नंबर लागला. तिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणून त्यांचा रविवारही शुक्रवारीच साजरा होतो. देवाला चालतं, तर मी कोण हरकत घेणार?

उपासना मात्र तिथल्या सरकारी नियमाप्रमाणे ठरलेल्या आवारातच करायची. हॉल मोजके आणि मंडळ्या ढीगभर. मराठी, तमिळ, मल्याळी, फिलिपिनो, सगळ्यांना एकेक स्लॉट. आपला संपला की मुकाट्याने बाहेर पडायचं.

त्या दिवशी विनोद नावाच्या तरुणाच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा होता. डोक्यावर पाणी घालून बाळाला मंडळीत सामील करून घ्यायचं, तो हा विधी. आमच्यात तो दीक्षा झालेला पाळकच करतो, त्यामुळे पोर कधीची माझ्यासाठी खोळंबली होती. विनोदची आई सुमनबाई त्यासाठीच निफाडहून आलेली. संध्याकाळी तिचं परतीचं विमान. सकाळी दारातच तिने मला गाठलं.

"सलाम, पाळकसाहेब. गुडघे गेलेत माझे, पुन्हा काय येनं व्हायचं नाय. नातीच्या डोक्यावर पानी पडलेलं बघायचंय, बस."

"पडणारच, आजी," मी ऐटीत म्हणालो.

मंडळीचे सेक्रेटरी साळवे मूळचे एकलहऱ्याच्या वीज प्रकल्पावरचे, मस्कतमध्येही पॉवर प्लांटमध्येच. कामाला वाघ. पण माईक हातात आला की त्यांना ब्रेक नाही. आधी प्रास्ताविक, मग माझा परिचय, त्यात मलाच माहीत नसलेले माझे गुण. मग शाल आणि नारळ. मराठी माणूस सातासमुद्रापार गेला तरी सत्कार सोडत नाही. माझ्यानंतर मला विमानतळावरून आणणाऱ्याचा सत्कार, मग साऊंडवाल्याचा.

मी त्यांच्या कानाशी लागलो. "साळवे, आधी बाप्तिस्मा उरकू या का?"

"साहेब, तुम्ही पाहुणे. निवांत बसा. सगळं क्रमाने होतंय."

ज्याच्या खांद्यावर शाल, त्याने 'आता आवरा' कसं म्हणायचं? बसलो.

नाशिकला माझ्या उपदेशात लोक डुलक्या काढतात. त्या दिवशी डुलकीलाही सवड मिळाली नाही, इतक्या लवकर मी आमेन म्हटलं. बाप्तिस्म्याचं पाणी मागवलं तोच दार उघडलं. केअरटेकर म्हणाला, "टाइम ओव्हर, फादर."

साळव्यांचा चेहरा पडला. "साहेब, थांबलो तर आपला दर आठवड्याचा स्लॉट जाईल. रिकामा हॉल एकही नाही आज."

सुमनबाई नातीला छातीशी धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला साळव्यांचा संताप आला आणि माझ्या भिडस्तपणाचा त्याहून जास्त.

झगा सावरत मी बाहेर गेलो. पुढचा स्लॉट मल्याळी मंडळीचा होता. त्यांचे पाळक दारातच उभे होते. मी सगळा प्रकार सांगितला आणि म्हणालो, "फाइव्ह मिनिट्स, प्लीज."

"नो," ते म्हणाले. माझा धीरच सुटला. मग त्यांनी आत डोकावून बाळाकडे पाहिलं. "आमचा टाइम आम्ही कोणाला देत नाही. पण आमच्या सर्व्हिसला पाहुणे चालतात. सगळे बसा. बेबीपासूनच सुरू करू."

आमची माणसं मागच्या बाकांवर सरकली, त्यांची पुढे बसली. मी मराठीतून विधी चालवला. विश्वास धरता का, असं आईबापांना विचारलं, तर सर्वांत मोठ्याने "होय" आलं ते आजीचं. पाणी पडलं आणि पोरीने हॉल डोक्यावर घेतला. टॉवेल आणायचं कोणाच्याच लक्षात नव्हतं. सुमनबाईने पुढे होऊन माझ्या खांद्यावरची शाल ओढली आणि नातीचं डोकं पुसलं. तिचे स्वतःचे डोळे वाहत होते, ते तसेच राहिले. मल्याळी बायाही पदराने डोळे टिपत होत्या.

तेवढ्यात साळवे उठले. "मी आभाराचे दोनच शब्द..."

विनोदने त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं.

आता कुठूनही बोलावणं आलं की मी आधीच कळवतो, सत्कार करायचाच असेल तर उपासना संपल्यावर, पार्किंगमध्ये करा. घरी कपाटात अशा शालींची चळत आहे, त्यातली एकही कधी कोणाच्या उपयोगी पडली नाही. मस्कतची तेवढी माझ्याकडे नाही. ती सुमनबाई परत द्यायला विसरली, आणि मीही मागितली नाही.